तीन टक्क्यांचा उमेदवार: अमेरिकेतल्या प्रायमरीच्या सुरुवातीच्या चाचण्या कशा वाचाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा भाचा न्यू जर्सीत असतो, तिथला नागरिक आहे. अध्यक्षपदाच्या निवडणुकीला अजून दोनेक वर्षं आहेत, पण आतापासूनच तो पक्षाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहू पाहणाऱ्या एकाचं काम करतोय. शनिवार-रविवार लोकांना फोन लावतो, पदरचे पैसेही देतो. सर्व्हेंमध्ये त्या उमेदवाराला ३ टक्के मिळतात. घरात सगळे त्याला हसतात. इतक्या आधीच्या चाचण्यांना काही अर्थ असतो का, की पहिल्या नंबरवर असतो तोच शेवटी उमेदवार होतो?"

हसू नका, एवढं आधी सांगतो. पण म्हणून भाच्याची बाजू घेतोय असंही समजू नका. मी वीसेक वर्षं सर्व्हेच्याच धंद्यात काढली. सुरुवात कानाला हेडफोन लावून फोन फिरवण्यापासून झाली, पुढे सॅम्पल आणि वेटिंगच्या (सॅम्पलमध्ये कमी-जास्त आलेल्या गटांना योग्य वजन द्यायच्या) टेबलावर आलो. त्यामुळे तो ३ टक्क्यांचा आकडा कुठल्या भट्टीत शिजतो ते आतून पाहिलंय.

ज्यांना प्रायमरी ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, ते मुंबईत ठरतं नाहीतर दिल्लीत. तिथे तिकीट मतदारच देतात: एकेका राज्यात प्रायमरी (पक्षातलं मतदान) किंवा कॉकस (पक्षाच्या मतदारांची बैठक) होतात, साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, आणि त्यातून डेलिगेट, म्हणजे उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, जमवत जो पुढे जातो तो पक्षाचा उमेदवार. चाचण्या मात्र त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधीच सुरू होतात.

या चाचण्या आणि नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीच्या चाचण्या यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नोव्हेंबरमध्ये माणसाला पक्षाचा आधार असतो. उमेदवाराचं नावगाव माहीत नसलं तरी आपण डेमोक्रॅट की रिपब्लिकन हे बहुतेकांना पक्कं ठाऊक असतं. प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे, सगळ्यांचं बोलणं थोड्याफार फरकाने सारखंच. मग मतदार कशाला धरून राहणार? ओळखीच्या नावाला. दुसरं काही त्याच्या हाताशी नसतंच.

२००७ च्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ सांगतो. तेव्हा मी फोनच्या हॉलमध्ये सुपरवायझर होतो, म्हणजे चालू असलेले फोन मधेच ऐकायचे आणि मुलं प्रश्न नीट वाचतात की नाही ते बघायचं. ओहायोतल्या एका बाई लाइनवर होत्या. मागे कुकरसारखं काहीतरी फुसफुसत होतं, त्या कंटाळल्या होत्या. आमच्या मुलाने रिपब्लिकन उमेदवारांची यादी वाचली. अर्ध्यावरच त्यांनी थांबवलं: "तो न्यूयॉर्कचा मेयर आहे ना, त्याचं लिहा." पुढचा प्रश्न ठरलेला, हे मत पक्कं आहे की बदलू शकतं? बाई हसल्या. म्हणाल्या, "पक्कं कसलं? अजून वर्ष आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

डेटा फाइलमध्ये त्या बाईंची ओळ गेली ती जुलियानींच्या खात्यात. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं" यासाठी फाइलमध्ये रकाना नव्हता. होता तो "मत बदलू शकतं" असा एक कोड, आणि तो दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात कोणी छापत नाही.

त्या वर्षभर रूडी जुलियानी रिपब्लिकनांच्या देशव्यापी चाचण्यांत बहुतेक वेळ पहिल्या क्रमांकावर होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या वेळचे महापौर म्हणून घराघरांत चेहरा ओळखीचा. गर्भपाताबद्दल त्यांची मतं पक्षाच्या नेहमीच्या मतदाराला न रुचणारी होती, पण ते कळायला माणसाने शर्यतीकडे लक्ष तर द्यायला हवं. लोकांनी लक्ष दिलं आणि आकडा वितळत गेला. त्यांनी सगळी मदार फ्लोरिडावर ठेवली, २९ जानेवारी २००८ ला तिथे तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडले. उमेदवारी मिळाली जॉन मॅकेनना, ज्यांची मोहीम २००७ च्या उन्हाळ्यात पैशांअभावी जवळजवळ मोडीत निघाली होती. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक बाजूला हिलरी क्लिंटन शरद ऋतूत २० टक्क्यांहून जास्त आघाडीवर होत्या. उमेदवार झाले ओबामा, हे सगळ्यांना माहीत आहे.

ही यादी खूप लांबवता येते. १९७२ मध्ये एडमंड मस्की पुढे होते, उमेदवार झाले जॉर्ज मॅकगव्हर्न. १९८७ च्या सुरुवातीला गॅरी हार्ट आघाडीवर, मे महिन्यात एका प्रकरणावरून माघार, शेवटी डुकाकिस. १९९१ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारियो कुओमो चाचण्यांत वर होते आणि ते उभेच राहिले नाहीत. २० डिसेंबर १९९१, न्यू हॅम्पशरचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस, ऑल्बनीच्या विमानतळावर विमान तयार, आणि त्यांनी येत नाही म्हणून सांगितलं. त्या सगळ्या चाचण्यांत त्यांच्या नावावर जमा झालेली मतं क्षणात बेवारस. उमेदवारी बिल क्लिंटनना मिळाली. २००३ मध्ये जो लिबरमन बऱ्याच चाचण्यांत पुढे होते, कारण २००० मध्ये उपाध्यक्षपदाला उभे राहिल्यामुळे नाव माहीत होतं. मग वर्षाअखेरीस हॉवर्ड डीन पुढे. जॉन केरी देशभरात एकेरी आकड्यांत अडकलेले. १९ जानेवारी २००४ ला, सगळ्यांत आधी कौल देणाऱ्या आयोवात, केरींना ३८ टक्के, डीनना १८, आणि दोन-तीन आठवड्यांत देशभरचे आकडे उलटेपालटे. डीन जिंकणार असं मी तेव्हा छातीठोक सांगत होतो आणि मित्राबरोबर जेवणाची पैज लावली होती. ते जेवण मला बरंच महागात पडलं.

सगळ्यात शिकवणारं उदाहरण मला १९७९ चं वाटतं, कारण तिथे मोजणीत काही चूक नव्हती. अध्यक्ष होते कार्टर, आणि त्यांच्याच पक्षातले टेड केनेडी चाचण्यांत त्यांच्या जवळजवळ दुप्पट होते. केनेडींचं नाव ओळखत नाही असा माणूस अमेरिकेत शोधून सापडला नसता. तरी आकडा टिकला नाही. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानच्या दूतावासात अमेरिकन ओलीस धरले गेले आणि लोक अध्यक्षांच्या मागे उभे राहिले. त्याच दिवशी टीव्हीवर केनेडींची एक मुलाखत दाखवली गेली. तुम्हाला अध्यक्ष का व्हायचंय, या साध्या प्रश्नावर ते चाचपडले. म्हणजे चाचणीत लोक ज्याला पसंती देत होते तो मनातला केनेडी होता. प्रत्यक्षातला उभा राहिल्यावर हिशेब नव्याने सुरू झाला.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर मी लबाड ठरेन. १९९९ मध्ये धाकटे बुश वर्षभर मोठ्या आघाडीवर होते आणि तेच उमेदवार झाले. २०१९ मध्ये बायडन बहुतेक वेळ पहिले होते, झाले उमेदवार. २०२३ मध्ये ट्रम्प पुढे होते, झाले. "आधीच्या चाचण्या म्हणजे थापा" असं जे टीव्हीवर ठणकावून सांगतात त्यांनी ही नावं सोयीने वगळलेली असतात. आणि ओबामांचं उदाहरण "कुठूनही न आलेला" म्हणून देतात तेही चूक. २००७ च्या सुरुवातीपासूनच ते क्लिंटनच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर होते. ते कधीच तुमच्या भाच्याच्या उमेदवारासारखे ३ टक्क्यांवर नव्हते.

मग टिकणारी आघाडी आणि वितळणारी आघाडी वेगळी कशी ओळखायची? मी पहिला आकडा बाजूला ठेवतो आणि दोन गोष्टी एकमेकींशेजारी मांडतो: किती लोक या माणसाला ओळखतात, आणि ओळखणाऱ्यांपैकी किती जणांना तो हवाय. ९५ टक्के लोक ओळखतात आणि पसंती २५ टक्के, तर उरलेल्या ७० टक्क्यांनी त्याला पाहून-ओळखून बाजूला ठेवलंय. त्याला वाढायला जागा कमी. ३० टक्के लोक ओळखतात आणि पसंती ८ टक्के, तर ओळखणाऱ्या दर चौघांत एकाहून जास्त जण त्याच्या मागे आहे. त्याच्याकडे मी लक्ष ठेवीन. बाजारात नवीन आलेल्या लोणच्यासारखं आहे हे: किती घरांत बरणी गेली ते नंतर बघू, ज्यांनी चाखलं त्यांनी परत मागितलं का ते आधी सांगा.

हाही नियम अपौरुषेय नाही. २०१५ मध्ये जेब बुश सुरुवातीला पुढे असलेल्यांत होते आणि ट्रम्प हे ओळख शंभर टक्के पण पक्षातच नावडते असे होते. माझ्या हिशेबाने ते बाद. १६ जून २०१५ ला त्यांनी उमेदवारी जाहीर केली आणि काही आठवड्यांत रिपब्लिकन मतदारांचं त्यांच्याबद्दलचं मत फिरलं. सगळ्यांना माहीत असलेल्या माणसाबद्दलचं मत इतक्या वेगाने सहसा फिरत नाही. फिरलं. आमच्या ऑफिसात दोन वेळा वेटिंग तपासलं होतं, कुठे चूक तर झाली नाही ना म्हणून.

आता येऊ तुमच्या ३ टक्क्यांकडे, कारण इथे आतलं गणित उघडून दाखवायला हवं.

बातमीत लिहिलेलं असतं, "१,००० जणांचा सर्व्हे, चुकीची मर्यादा अधिक-उणे ३ टक्के". पण त्या हजारांत दोन्ही पक्षांचे आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले लोकही आले. डेमोक्रॅटिक प्रायमरीचा प्रश्न विचारला जातो फक्त त्या पक्षाच्या आणि त्याकडे कल असलेल्यांना. ते उरतात सुमारे ४००. चारशेवर ती मर्यादा जाते अधिक-उणे ५ च्या घरात, वेटिंगचा परिणाम धरला तर आणखी वर. बातमीत मात्र हजाराचाच आकडा छापलेला असतो. (फोनवर हे चारशे मिळवणंही सोपं राहिलेलं नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या फोन सर्व्हेंना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत, २०१८ मध्ये ६ टक्के.)

चारशेतले ३ टक्के म्हणजे १२ माणसं. भाचा ज्या आकड्यावर जीव टाकतोय तो बारा माणसांचा आहे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चारशेंना विचारलं तर ती सहा असतील किंवा अठरा, आणि उमेदवाराचं खरं बळ तेच असेल. त्यामुळे "३ वरून ५ वर झेप" किंवा "३ वरून १ वर घसरण" असल्या बातम्या आल्या की मी पान उलटतो.

पण तिथल्या पक्षांनी आणि चॅनेलांनी काय केलं? याच बारा माणसांवर दरवाजे बसवले. ६ ऑगस्ट २०१५ ला क्लीव्हलँडला रिपब्लिकनांची पहिली टीव्ही चर्चा झाली. रिंगणात १७ जण. फॉक्स न्यूजने पाच देशव्यापी चाचण्यांची सरासरी काढून पहिल्या दहांना मुख्य मंच दिला, बाकीच्यांना संध्याकाळी पाचची रिकाम्या हॉलमधली वेळ. दहावे आले ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक, अकरावे १४ वर्षं टेक्सासचे गव्हर्नर राहिलेले रिक पेरी. दोघांत जेमतेम दीडेक टक्क्याचा फरक. पेरी सप्टेंबरात बाहेर पडले, सगळ्यांत आधी. आमच्या धंद्यात तेव्हा बरीच अस्वस्थता होती. मॅरिस्ट या सर्व्हे संस्थेने त्या चर्चेच्या तोंडावर आपली प्रायमरीची चाचणी थांबवली, आणि गॅलपसारख्या जुन्याजाणत्या संस्थेने त्या खेपेला "कोण पुढे" या चाचण्या करायच्याच नाहीत असं ठरवलं. ताप मोजायला दिलेला थर्मामीटर रोग्याला वॉर्डात घ्यायचं की नाही हे ठरवू लागला, तर डॉक्टरने काय करावं?

२०१९ मध्ये डेमोक्रॅट्सनी आणखी बारीक चाळणी लावली. जूनच्या पहिल्या चर्चेसाठी तीन चाचण्यांत १ टक्का किंवा ६५ हजार देणगीदार. तरी मायामीत दोन रात्रींत २० जण उभे राहिले. सप्टेंबरच्या चर्चेसाठी चार चाचण्यांत २ टक्के आणि १ लाख ३० हजार देणगीदार, दोन्ही.

या २ टक्क्यांची गंमत बघा. चारशेच्या सॅम्पलमध्ये ६ जणांनी नाव घेतलं की दीड टक्का होतो, आणि तो पूर्णांकात छापला की २. म्हणजे दरवाजा सहा माणसांचा. समजा एखाद्याचं देशभरात खरं बळ फक्त १ टक्का आहे. निव्वळ योगायोगाने साधारण दर पाचांत एका चाचणीत त्याचे "२ टक्के" दिसतील. वीस चाचण्या झाल्या तर चारांची अट पुरी व्हायची शक्यता चांगली. खरं बळ दीड टक्का असेल तर एकेका चाचणीत जवळजवळ नाणेफेकच. उलट खरे २ टक्के असणाऱ्यालाही दर पाचांत एक चाचणी १ टक्क्यावर ढकलते. या लॉटरीतून कोण मंचावर जाणार, कोणाचा चेहरा टीव्हीवर दिसणार, कोणाला पुढच्या महिन्याची देणगी मिळणार हे ठरत गेलं. चाचणी नुसती शर्यत बघत नव्हती, धावपट्टीवर उतरून माणसं बाजूला काढत होती.

ऑनलाइन पॅनलच्या चाचण्यांत आणखी एक कीड असते. काही लोक दोन डॉलरच्या कूपनसाठी डोळे मिटून क्लिक करतात. शंभरात दहा जण असे असतील आणि यादीत वीस नावं असतील तर प्रत्येक नावाला फुकटचा अर्धा टक्का. वरच्या उमेदवाराला त्याने काही फरक पडत नाही, खालच्याची मात्र चैन.

नावांचा क्रम ही त्याहून जुनी डोकेदुखी. फोनवर यादी वाचली की शेवटची नावं लोकांच्या लक्षात राहतात, स्क्रीनवर दाखवली की वरची. म्हणून दर फोनला क्रम बदलायचा असतो, संगणक ते आपोआप करतो. एका कामात (कुठल्या कंपनीत ते जाऊ द्या) तीन संध्याकाळी क्रम बदलणारी कळ बंदच राहिली होती. शेवटच्या नावाच्या गृहस्थांना दुप्पट पसंती. क्लायंट खूश, आम्ही गार. तो सगळा डेटा टाकून दिला आणि पुन्हा फोन लावले, आमच्या खर्चाने.

याच जातीचा जगजाहीर किस्सा २०२० चा आहे. आयोवाच्या कॉकसच्या आधीच्या शनिवारी तिथल्या वर्तमानपत्राची प्रतिष्ठित 'आयोवा पोल' जाहीर व्हायची होती, सीएनएनवर खास कार्यक्रमही ठरलेला. ऐन वेळी ती मागे घेतली गेली. एका मतदाराने तक्रार केली की आपल्याला वाचून दाखवलेल्या यादीत पीट बुटिजेज या उमेदवाराचं नावच नव्हतं. शोध घेतला तेव्हा दिसलं की फोन करणाऱ्या एकाने स्क्रीनवरची अक्षरं मोठी केली होती आणि त्यात यादीतलं एक नाव खिडकीबाहेर गेलं असावं. किती मुलाखतींत असं झालं ते सांगता येईना, म्हणून सगळी चाचणीच रद्द. लोक हसले. मी त्या निर्णयाला सलाम केला. चष्म्याचा नंबर वाढलेला एक माणूस आणि एक माउस, एवढ्यावर अख्ख्या देशाचा मथळा हलू शकतो हे ज्याने त्या हॉलमध्ये रात्री काढल्यात त्यालाच कळेल. दोन दिवसांनी खुद्द पक्षाच्याच ॲपने निकालाचा जो घोळ घातला त्यापुढे ही चूक काहीच नव्हती म्हणा.

देशव्यापी चाचणीबद्दल एक आणखी सांगायचं. देशव्यापी प्रायमरी नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. मतदान होतं ते राज्यांच्या क्रमाने, आणि आधीच्या राज्याचा निकाल पुढच्या राज्याचं मत बदलतो. २०२० मध्ये बायडन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे. त्या आठवड्यात त्यांचा देशव्यापी आकडा धाडकन पडला. मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाने त्यांना जवळजवळ निम्मी मतं दिली, दोन प्रतिस्पर्धी लगोलग बाहेर पडले, आणि तीन दिवसांनी सुपर ट्यूसडेला, म्हणजे बरीच राज्यं एकाच दिवशी मतदान करतात त्या मंगळवारी, शर्यत संपल्यातच जमा. साउथ कॅरोलायनातले कृष्णवर्णीय मतदार बायडनच्या मागे घट्ट उभे आहेत हे त्या राज्याच्या चाचण्यांत वर्षभर दिसत होतं. ज्याने तेवढंच पाहिलं त्याला आयोवाने घाम फुटला नाही.

शिवाय येणार कोण हा प्रश्न. प्रायमरीला मतदार कमी, कॉकसला त्याहून कमी: थंडीत संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जाऊन उभं राहायचं असतं. २००८ च्या आयोवात 'आयोवा पोल' करणाऱ्या ॲन सेल्झर यांच्या शेवटच्या चाचणीने सांगितलं की कॉकसला येणाऱ्यांत ६० टक्के लोक पहिल्यांदाच येणारे असतील आणि ओबामा सात टक्क्यांनी पुढे आहेत. प्रतिस्पर्ध्यांच्या गोटांनी टिंगल केली, असं कधी झालंय का म्हणून. प्रत्यक्षात पहिल्यांदा येणारे निघाले ५७ टक्के, ओबामा आठेक टक्क्यांनी जिंकले. बाईंनी स्वतःच्या अंदाजाने आकडा वाकवला नाही, लोक जे म्हणाले ते लिहिलं. (याच बाईंची २०२४ ची शेवटची आयोवा चाचणी सपशेल चुकली, हेही नोंदवायला हवं.) आणि त्यानंतर पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशरमध्ये जवळजवळ सगळ्या चाचण्या ओबामांना पुढे दाखवत असताना क्लिंटन जिंकल्या. आमच्या व्यवसायाच्या संघटनेने चौकशी समिती नेमली. अहवालात कुठलंच एक कारण पुरेसं ठरलं नाही. काहींनी फोन करणं लवकर थांबवलं होतं, काही मतदार शेवटच्या क्षणी वळले, आणि मतपत्रिकेवर क्लिंटनचं नाव वरच्या बाजूला, ओबामांचं खाली, याचाही थोडा हात असू शकतो. पुन्हा नावांचा क्रम! आदल्या दिवशीच्या चाचण्यांची ही कथा, तर दीड वर्ष आधीच्यांचं काय सांगावं.

मराठी माणसाला जवळचं उदाहरण हवं असेल तर बेळगावचे श्री ठाणेदार. अध्यक्षपदाचं नाही, मिशिगनच्या गव्हर्नरपदाची २०१८ ची डेमोक्रॅटिक प्रायमरी. ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर ओतले, फेब्रुवारीत सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) वेळी टीव्हीवर जाहिराती केल्या, नाव उच्चारायचं कसं इथपासून मतदारांना शिकवलं. राजकारणात कोणी न ओळखणारा हा माणूस वसंतात काही चाचण्यांत चक्क पुढे दिसू लागला. इकडे आपल्याकडे व्हॉट्सॲपवर "मराठी माणूस गव्हर्नर होणार" सुरू. ७ ऑगस्टला ग्रेचेन व्हिटमर यांना ५२ टक्के, अब्दुल एल-सय्यद यांना ३०, ठाणेदारांना १८. फसवणूक कुणीच केली नव्हती. वसंतात मिशिगनच्या माणसाला ऐकू आलेलं एकच नाव होतं आणि त्याने ते सांगितलं. उन्हाळ्यात बाकीची नावं कानावर आली. ठाणेदार मात्र तिथे थांबले नाहीत, २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. आधीच्या पराभवाने दिलेली ओळख तेव्हा कामी आली असणार, असं मला वाटतं.

आता भाच्याचं. ३ टक्क्यांवरून उमेदवारी मिळवणारे झालेत. जिमी कार्टर १९७६ च्या जानेवारीत गॅलपच्या चाचणीत ४ टक्क्यांवर होते. त्यांनी त्याआधी वर्षभर आयोवातलं गाव न् गाव पालथं घातलं होतं, आणि तिथे "कोणीच नाही" या पर्यायानंतर तेच पहिले आले. बुटिजेज हे साउथ बेंडसारख्या छोट्या शहराचे महापौर, २०१९ च्या सुरुवातीला चाचण्यांत जेमतेम नाव. आयोवात बर्नी सँडर्स यांच्याहून दोन डेलिगेट जास्त मिळवून गेले. पण महिन्याच्या आत बाहेरही पडले. आणि प्रत्येक कार्टरमागे डझनभर असे, ज्यांची नावं आज मलाही आठवायला कागद लागेल. ३ टक्केवाल्यांतले बहुतेक ३ वरच संपतात, हे भाच्याला सांगा.

त्याला दोन गोष्टी विचारा. एक, पक्षाच्या मतदारांत त्याच्या उमेदवाराला ओळखणारे किती, हे कुठल्या चाचणीत आलंय का? वीस-पंचवीस टक्केच ओळखत असतील तर तो ३ चा आकडा वाईट नाही. ऐंशी टक्के ओळखत असतील तर माणूस भला असेल, पण आकडा हलायचा नाही. दुसरं, लोक दुसरी पसंती म्हणून त्याचं नाव घेतात का? पुढचे दोघे-तिघे गळाले की मतं तिकडेच सरकतात. वीस जणांच्या शर्यतीत हा आकडा पहिल्या पसंतीपेक्षा बोलका असतो, आणि चाचणीच्या पीडीएफमध्ये सोळाव्या-सतराव्या पानावर पडलेला असतो.

आणि तो फोन कुठे लावतोय तेही बघायला सांगा. न्यू जर्सीची प्रायमरी बहुतेक खेपेस जूनमध्ये असते. २०१६ मध्ये ती ७ जूनला होती, आणि आदल्याच रात्री असोसिएटेड प्रेसने डेलिगेट मोजून हिलरी क्लिंटनना उमेदवार जाहीर करून टाकलं होतं. लोक सकाळी मतदानाला गेले ते निकाल वाचून. तेव्हा शेजारच्या एडिसनच्या देसी मंडळींना फोन लावण्यात शनिवार घालवू नको म्हणावं. यादी मागून घे, पहिल्यांदा मतदान होणाऱ्या चार राज्यांची.